नाकवाल्यांची संत्रा-कॉफी

फळबाजारात त्यांना सगळे ‘नाकवाले’ म्हणत. नाक तसं दिसायला बेताचंच, चष्मा जेमतेम टेकेल एवढं. पण संत्र्यांच्या ढिगासमोर उभे राहिले की ते एकेक फळ उचलून देठाच्या बाजूने नाकाशी धरत, डोळे मिटत, आणि मग एक तर पिशवीत टाकत, नाहीतर मुकाट्याने अडत्याच्या हातात परत ठेवत.

“अहो, फळं घेताय की सोयरीक जुळवताय?” अडत्या वैतागून म्हणे.

“सोयरीक परवडली,” नाकवाले म्हणत. “तिथे चूक झाली तर दोन्हीकडची माणसं निभावून नेतात. नासकं फळ कोण निभावून नेणार?”

नर्सिंगच्या शाळेसमोरच्या कोपऱ्यावर त्यांचं रसाचं दुकान होतं. दोन्ही हात पसरले तर बोटं भिंतींना लागावीत, एवढीच रुंदी. पुढे स्टीलचा ओटा, ओट्यावर हाताने दाबायचं लोखंडी यंत्र, मागे बर्फाची पेटी आणि छतापर्यंत रचलेली क्रेट. रस मागाल त्या फळाचा मिळे, पण दूध मिळत नसे. कुणी नवखा माणूस मिल्कशेक मागून बसला की नाकवाले हातातलं काम थांबवत.

“फळ चांगलं असेल तर त्याच्यावर दुधाचं पांघरूण कशाला? आणि वाईट असेल तर पांघरुणाखाली लपवून मी ते तुम्हाला का पाजू?”

माणूस गुमान अननसाचा रस पिऊन जाई. शेजारचा शिंपी हे संवाद मशीनवर बसूनच ऐकायचा आणि दोरा तोडता तोडता हसायचा. त्याला ते तोंडपाठ झाले होते.

अशा माणसाच्या घरात सून आली ती कॉफीवाली. मुलगा लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करायचा. एका इमारतीत लिफ्ट अडकली, तळमजल्यावरच्या कॉफीच्या दुकानात तो दिवसभर हत्यारं घेऊन ये-जा करत राहिला, आणि लिफ्ट सुरू झाल्यावरही त्याची ये-जा काही थांबली नाही. ती तिथे एस्प्रेसोचं मशीन चालवायची. लग्नानंतरही तिने ती नोकरी सोडली नव्हती. पण पुढे ते दुकानच बंद पडलं. मालकाने सगळं सामान विकून टाकलं. राहिलं ते जुनं मशीन. त्याला कुणी गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा तो सुनेला म्हणाला, “तूच घेऊन जा. त्याच्या खोड्या तुझ्याशिवाय कुणाला कळतात?”

मशीन हातगाडीवरून आलं. घरात ठेवायला जागा नव्हती म्हणून दुकानात, मागच्या बाजूला. नाकवाल्यांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली.

“हे इंजिन कुठल्या गावाला जायचंय?”

“बाबा, कॉफीचं आहे. ओट्याच्या त्या टोकाला मावेल. रसाबरोबर कॉफीही ठेवू या ना.”

“कॉफी म्हटली की दूध आलं.”

“नुसती काळी पण पितात लोक.”

“काळी कॉफी म्हणजे काढा. काढा पाजायला नर्स लागते, ती समोरच्या शाळेत मिळेल.” त्यांनी एक जुनी चादर आणली, मशीनवर टाकली आणि विषय मिटवला. सून मात्र दर आठवड्याला ती चादर काढून मशीन पुसायची आणि पुन्हा झाकून ठेवायची. सासूबाई एकदा म्हणाल्या, “अगं, एवढी काळजी तर मी ह्यांची पण घेत नाही.”

त्या हिवाळ्यात नाकवाल्यांना ताप आला. साधाच, सर्दी-खोकल्याचा. पण त्याने त्यांना चांगलंच अंथरुणाला खिळवलं. उठल्याबरोबर दुकान दुकान करत त्यांनी घर डोक्यावर घेतलं. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, “जा बाबा एकदाचे. तुमच्या आजारपणात मीच आजारी पडेन.”

दुकानात येऊन त्यांनी पहिलं संत्रं कापलं. सालीतून बारीक तुषार उडाला, बोटांना चिकटला. त्यांनी सवयीने हात नाकाकडे नेला. काहीच आलं नाही. त्यांना वाटलं फळच फिकं आहे. दुसरं कापलं. तिसरं. मग अननसाचं देठ मोडलं, पिकलेल्या केळ्याची साल चुरगळली, लिंबाचं पान हातावर चोळलं. कशालाच काही नाही. ओळखीच्या घरात पाऊल टाकावं आणि आतली सगळी माणसं न सांगता निघून गेलेली असावीत, तसं त्यांना झालं. रस पिऊन पाहिला. आंबट-गोड ओलं काहीतरी जिभेवरून गेलं. ते संत्र्याचं होतं हे फक्त डोळ्यांना माहीत होतं.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? गवयाने घसा बसल्याचं सांगावं, लोक हळहळतात. नाकवाल्याने नाक गेल्याचं सांगितलं तर लोक आधी हसणार. ते बाजारात जात राहिले, फळं नाकाशी धरत राहिले, डोळे मिटत राहिले. आता ते नुसतं नाटक होतं. खरेदी चालली होती अंगठ्याने दाबून आणि रंग बघून. बरेचदा निभावत होतं.

अननसाने घात केला. वरून सोन्यासारखा दिसणारा तो अननस आतून आंबायला लागला होता. नाकवाल्यांनी रस काढला, बर्फ घातला आणि नर्सिंगच्या शाळेतल्या मोठ्या बाईंच्या हातात दिला. त्या रोजच्या गिऱ्हाईक, कडक शिस्तीच्या. त्यांच्या नुसत्या चाहुलीने विद्यार्थिनी पदर सारखा करायच्या, अशी त्यांची ख्याती. बाईंनी पेला तोंडाशी नेला आणि तिथूनच खाली ठेवला.

“आज रस काढलाय की दारू गाळलीये?”

नाकवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते पेल्याकडे बघत राहिले. तेवढ्यात हल्ली रोज दुकानात येऊ लागलेली सून मागून पुढे आली.

“माफ करा बाई, माझी चूक. कालचा रस बाजूला ठेवला होता, तोच मी भांड्यात ओतला. दुसरा देते.” तिने तो पेला उचलला, मोसंबं कापलं, ताजा रस बाईंच्या पुढे केला. बाई पिऊन गेल्या. सुनेने उरलेला अननस क्रेटमधून उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

दुपारी गिऱ्हाइकं सरल्यावर ती त्यांच्यासमोर उलट्या क्रेटवर बसली.

“कधीपासून, बाबा?”

त्यांनी टाळायचा प्रयत्न केला. पण तिने नजर हटवली नाही.

“तापापासून,” ते म्हणाले. “हे बघ, तुझ्या सासूला यातलं काही सांगू नकोस. उगाच जिवाला घोर लावून घेईल.”

“त्यांनीच मला सांगितलं. म्हणाल्या, दूध उतू जाऊन पातेलं करपलं, घरभर करपल्याचा वास सुटला, आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते. तेव्हाच कळलं. म्हणाल्या, दुकानात लक्ष ठेव, पण त्यांना कळू देऊ नकोस, मानी माणूस आहे.”

नाकवाल्यांना रागवावं की रडावं तेच समजेना. घरातल्या दोघीजणी इतके दिवस त्यांचं नाटक बघत होत्या, आणि टाळ्या वाजवायच्या नाहीत म्हणून हात आवरून बसल्या होत्या.

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, येईलही परत, नाहीही येणार, वाट बघा. घरी येताना नाकवाले मुलाला म्हणाले, “एवढं तर आपला शिंपीसुद्धा सांगतो.”

त्यानंतर त्यांनी बाजाराला जाणं सोडलं. आता सून जाऊ लागली, तीच ओट्यामागे उभी राहू लागली. नाकवाले दुकानात येत, पण मागे चादर घातलेल्या मशीनशेजारी बसून राहत. कुणी बोलावलं तर हूं म्हणत. जेवणात मन नव्हतं. सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं म्हणत. सासूबाई एरवी नवऱ्याला चार शब्द सुनावल्याशिवाय पाणी न पिणाऱ्या, पण त्याही आता जपून बोलू लागल्या होत्या, आणि त्यामुळे नाकवाले अधिकच घाबरले होते.

एका गार सकाळी गिऱ्हाईक नव्हतं. सुनेने चादर काढली. “बाबा, आज मी माझ्यापुरती करून घेते. फार दिवसांनी इच्छा झालीये.” त्यांनी मान हलवली. मशीन घरघरलं, खोकलं, वाफ सोडली. तिने दाणे दळले, मुठीच्या गाळणीत भुकटी दाबून बसवली, आणि खालच्या छोट्या कपात मधासारखी दाट, तांबूस काळी धार उतरू लागली. तिने कप नाकाशी नेऊन डोळे मिटले. नाकवाले तिच्याकडे बघत राहिले.

“बघू,” ते म्हणाले.

“कडू लागेल हं.”

त्यांनी घोट घेतला. तोंड वेडंवाकडं झालं. मग ते तसेच थांबले.

“कडू आहे,” ते म्हणाले.

“म्हटलं होतं ना मी.”

“अगं, तसं नव्हे! कडू आहे!” त्यांचा आवाज चढला. शिंप्याचं मशीन थांबलं. “कडू आहे ते मला कळतंय. आंबट-गोड सोडलं तर इतक्या दिवसांत पहिल्यांदा कशाला तरी चव आहे.”

त्यांनी आणखी एक घोट घेतला. मग उठले, कितीतरी दिवसांनी ओट्यापाशी आले, संत्रं कापलं, यंत्राचा दांडा ओढला. पेल्यात बर्फ टाकला, रस ओतला आणि पेला तिच्यापुढे धरला. “तुझा काढा यात टाक.”

“संत्र्याच्या रसात? बाबा, काहीतरीच काय!”

“टाक म्हणतो ना. आंबट आणि गोड मला कळतं, पण दोघंच असतात ते, गुळमुळीत भांडतात. हा तिसरा येऊ दे मधे.”

तिने टाकला. भसकन ओतला म्हणून रस आणि कॉफी एक होऊन मातकट झाले. दिसायला अगदी पावसाळ्यातलं डबकं. नाकवाल्यांनी पिऊन पाहिलं आणि पेला तिच्या हातात दिला. तिनेही एक घोट घेतला. दोघं एकमेकांकडे बघू लागले.

“चांगलं नाहीये,” ती म्हणाली.

“नाहीये,” ते म्हणाले. “पण होईल.”

तेव्हापासून त्या अरुंद दुकानात सासरा-सुनेचे जे उद्योग सुरू झाले, त्यांनी शिंप्याची चांगलीच करमणूक केली. दूध नको, यावर दोघांचं एकमत होतं, बाकी कशावरच नव्हतं. डाळिंबाच्या रसात कॉफी टाकली तर जीभ चामड्यासारखी कोरडी झाली. अननसाने एवढा फेस धरला की पेल्याबाहेर येऊन ओट्यावरून ओघळला. लिंबाच्या वेळी नाकवाल्यांचा एक डोळा बराच वेळ उघडला नाही. सफरचंदाचं मात्र पहिल्याच दिवशी जमलं. सून म्हणाली, भाजलेल्या साखरेसारखा वास येतोय. नाकवाले म्हणाले, वासाचं तुझं तू बघ, जिभेवर मात्र गोड आधी येतंय आणि कडू हळूच मागून खांद्यावर हात ठेवतंय.

अशी वाटणीच झाली. नाक तिचं, जीभ त्यांची. वास हरवल्यावर जीभ एकटी पडली होती, आणि एकट्या पडलेल्या माणसासारखी ती बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष देऊ लागली होती. “आंबट पुढे पळतंय, त्याला धर,” असं ते म्हणत. मग ती दाणे जरा भरड दळून बघे. “कडवटपणा दोन जातीचा आहे. एक कॉफीचा आहे, दुसरा कुठला?” दुसरा सालीखालच्या पांढऱ्या भागाचा निघाला. यंत्राचा दांडा शेवटपर्यंत ओढला की तो रसात उतरायचा. कॉफी नसताना तो कुणाला जाणवत नव्हता, पण कॉफीच्या जोडीला बसला की दोघं मिळून तोंडाची वाट लावायचे. म्हणून कॉफीसाठी संत्रं अर्धवटच पिळायचं ठरलं. मोसंबीचा रस ठेवला की कडवट होतो, हे त्यांना आधीच माहीत होतं, म्हणून तो गिऱ्हाईक समोर उभं राहिल्यावरच काढायचा. सुनेने काळेकुट्ट भाजलेले दाणे सोडून फिके भाजलेले आणले. कॉफी चमच्याच्या पाठीवरून सावकाश सोडली की ती रसावर तरंगते, खाली नारिंगी, वर काळसर, मधे एक तांबूस रेघ, हेही तिनेच शोधलं. आणि चिमूटभर मीठ टाकलं की कडूचं टोक बोथट होतं, हे सासूबाईंनी सांगितलं. त्या डबा द्यायला आल्या होत्या, आणि दोघांची तोंडं बघून म्हणाल्या, “मीठ टाका. कडू माणसाशी कसं वागायचं ते मला विचारा.”

विकायची वेळ आली तेव्हा घोडं अडलं. गिऱ्हाइकं पेल्याकडे कौतुकाने बघत आणि मग नेहमीचा रस मागत. शिंप्याने मात्र शेजारधर्म म्हणून एक पेला घेतला. घोट घेऊन विचारात पडला.

“बरं आहे. पण जरासं दूध असतं ना, तर बहार आली असती.”

“नाही,” नाकवाले म्हणाले.

“तुम्ही देऊ नका. मी माझं आणतो.” शिंपी आपल्या दुकानातून चहासाठी ठेवलेलं दूध घेऊन आला आणि सगळ्यांच्या देखत पेल्यात ओतलं. क्षणभर पांढरे ढग सुंदर पसरले. मग ते ढग फाटले, त्यांच्या गुठळ्या झाल्या, आणि पेल्यात वर चोथा, खाली पिवळं पाणी अशी अवस्था झाली. तिथे उभ्या असलेल्या विद्यार्थिनी किंचाळल्या. नाकवाल्यांनी शिंप्याच्या खांद्यावर हात ठेवला, जसा कुणाच्या दुःखात ठेवतात. आजारपणानंतर ते पहिल्यांदा पोट धरून हसले ते त्या दिवशी. सून सांगते, ओटा धरून उभे राहावं लागलं त्यांना.

विद्यार्थिनींनी ही गोष्ट शाळेत नेली. दुसऱ्या दिवशी त्यांची अख्खी टोळी ‘दूध न घातलेली ती’ मागायला आली. मोठ्या बाईही आल्या. त्यांनी उभ्याने पेला संपवला. चांगलं की वाईट, काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर त्या रोज दुपारी सफरचंदाची घेऊ लागल्या, आणि एकदा बर्फ कमी पडला तेव्हा नाकवाल्यांना चांगलंच फैलावर घेतलं. नाकवाल्यांना फार बरं वाटलं.

असं सगळं रांगेला लागत असताना उन्हाळ्याच्या तोंडाशी एक विचित्र गोष्ट झाली. सकाळी सुनेने मशीन सुरू केलं आणि नाकवाले ताडकन उठले.

“काय जळतंय?”

“कुठे काय?”

“टायर जळतंय. रबर. आणि काहीतरी कुजकं.” त्यांनी नाकाला रुमाल लावला. मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. नाकवाल्यांना वास आला होता.

सुनेने आनंदाने त्यांचा हातच धरला. पण वास कशाचा होता, तर ताज्या कॉफीचा. तिचा कप त्यांनी जवळ आणला आणि त्यांना मळमळलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं. वास परत येतो तेव्हा आधी वेडावाकडा येतो, आणि नेमकी कॉफीच पुष्कळांना घाण वाटते. काही महिने जातील. नाक जागं होतंय, ही चांगली खूण आहे.

“जागं व्हायचं तर दुसऱ्या कुशीवर व्हायचं होतं,” नाकवाले म्हणाले.

त्या रात्री सून नवऱ्याशी काही बोलली असावी, कारण सकाळी दुकानात आल्यावर तिने पुन्हा ती चादर हातात घेतली. नाकवाल्यांनी विचारलं, “हे काय?”

“तुम्हाला त्रास होतो. काही महिन्यांचाच प्रश्न आहे. रसाचं दुकान आहे, रस विकू.”

नाकवाल्यांनी तिच्या हातातून चादर काढून घेतली. तिची नीट घडी घातली आणि ती बगलेत मारून शिंप्याच्या दुकानात गेले. परत आले ते चादर तिथेच टाकून, खुर्ची घेऊन. खुर्ची त्यांनी दुकानाबाहेर, वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवली.

“मी इथे बसून फळं पिळतो. यंत्र बाहेर एखाद्या टेबलावर लाव. तू आत तुझं टायर जाळ.”

“बाबा…”

“पोरी, मला वास येत नव्हता तेव्हा मी ते घरभर लपवत फिरलो. आता येतोय तसा सांगतोय तरी. तुझ्या कॉफीची मला घाण येते. उद्याही येईल. जेव्हा येणार नाही तेव्हा तेही सांगेन. तोवर गिऱ्हाईक घालवू नकोस.”

तिने यंत्र उचलून बाहेर आणलं. डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसेच भरलेले राहिले.

तो उन्हाळा नाकवाल्यांनी फुटपाथवर काढला. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून विचारपूस करायचा, तेव्हा लाज टाकून ते सगळ्यांना नाकाची कहाणी सांगत. कुणी हसलंच, तर आधी स्वतःच हसत. हळूहळू टायरचा वास जळक्या पावावर आला, पाव नुसता भाजका झाला, आणि एक दिवस ते खुर्चीसकट आत आले. संत्र्याचा वास मात्र पूर्वीसारखा आला नाही. तो लांबून येतो, म्हणतात, भिंतीपलीकडे कुणी सोलत असल्यासारखा. केळ्याचा अजून येत नाही. कुणी विचारलं तर सांगतात, रुपयातले दहा आणे परत मिळाले, आणि राहिलेल्या सहा आण्यांसाठी सून आहे.

बाजारात आता दोघं मिळून जातात. ती फळ नाकाशी धरते, ते अंगठ्याने दाबून बघतात, आणि मग दोघांचं जमेपर्यंत अडत्या कपाळाला हात लावून उभा असतो.

सध्या त्यांचं नासपतीवरून बिनसलं आहे. ती म्हणते, नासपतीचा रस कॉफीपुढे दबतो, पाणी पाणी होतो. ते म्हणतात, तू कॉफी जास्त घालतेस, नासपतीला बोलायला जागाच ठेवत नाहीस. काल दुपारी यावरून इतकं वाजलं की डबा घेऊन आलेल्या सासूबाई दारातच थांबल्या. ओट्यावर सात-आठ अर्धे पेले, दोघांच्या हातात चमचे, आणि कुणाचंच कुणाकडे लक्ष नाही.

“जेवायचं आहे का कुणाला?” त्यांनी विचारलं.

“थांबा आई,” सून म्हणाली.

“थांब गं जरा,” नाकवाले म्हणाले, आणि त्यांनी आणखी एक नासपती कापायला घेतली.